दैव आणि डावपेच : ‘ग्लूमहेवन’ या सहकारी मोहीम-खेळातील संतुलनाची चिकित्सा

गोषवारा

पटावरील खेळांची चिकित्सा करताना कौशल्य आणि दैव यांचे प्रमाण किती, असा प्रश्न सामान्यतः विचारला जातो. प्रस्तुत लेखात ‘ग्लूमहेवन’ (२०१७) या सहकारी मोहीम-खेळाच्या आधारे प्रमाणापेक्षा क्रम आणि विनिमय या दोन अंगांनी या प्रश्नाचा विचार केला आहे. दैवाचा कौल निर्णयाच्या आधी येतो की नंतर, आणि प्रतिकूल कौलाची भरपाई खेळाडूला कोणत्या मोलाने करता येते, यावर सामूहिक खेळातील जबाबदारीचे स्वरूप अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे. तुलनेसाठी ‘पँडेमिक लेगसी : सीझन १’ (२०१५) या खेळाचा आधार घेतला आहे.

बीजसंज्ञा : सहकारी खेळ, मोहीम, दैव, डावपेच, विनिमय, जबाबदारी.

१. प्रास्ताविक

मराठी भाषेत ‘डाव’ हा शब्द खेळाच्या एका फेरीलाही लागतो आणि प्रतिस्पर्ध्यावर टाकलेल्या युक्तीलाही लागतो. ‘दान’ हा शब्द सोंगट्यांच्या खेळात फाशांवर पडलेल्या संख्येसाठी वापरला जातो. त्यात कोणीतरी दिले आणि खेळाडूने घेतले, असा भाव आहे. डाव खेळाडूचा असतो, दान मात्र पडते. सारीपाटावर बसलेल्या माणसाला या दोन शब्दांतील अंतर वेगळे समजावून द्यावे लागत नाही. पडलेले दान कोणत्या सोंगटीला द्यायचे, एवढाच त्याचा अधिकार असतो आणि त्या मर्यादित अधिकारातच त्याची परीक्षा होते.

गेल्या दोन-अडीच दशकांत पटावरील खेळांच्या क्षेत्रात एक नवा प्रकार रूढ झाला आहे. त्यात खेळाडू परस्परांविरुद्ध न खेळता एकत्रितपणे खेळाच्या यंत्रणेविरुद्ध खेळतात. रायनर क्निझिया यांचा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (२०००) आणि मॅट लीकॉक यांचा ‘पँडेमिक’ (२००८) ही या सहकारी खेळांची ठळक उदाहरणे होत. पुढे या प्रकाराला मोहिमेची जोड मिळाली. एका बैठकीचा परिणाम पुढील बैठकीत उरतो, पात्रे वाढतात, पटावर कायमच्या खुणा होतात आणि खेळ महिनोन्‌महिने चालतो. रॉब डॅव्हियो आणि मॅट लीकॉक यांचा ‘पँडेमिक लेगसी : सीझन १’ आणि आयझॅक चिल्ड्रेस यांचा, सेफालोफेअर गेम्स या संस्थेने प्रकाशित केलेला ‘ग्लूमहेवन’ हे दोन खेळ या परंपरेत विशेष महत्त्वाचे ठरले.

सहकारी मोहीम-खेळात दैव आणि डावपेच यांचा प्रश्न नेहमीपेक्षा अधिक तीव्र होतो. स्पर्धेच्या खेळात हरणारा एकटा हरतो. येथे चौघे मिळून हरतात आणि त्या हरण्याची खूण पुढील बैठकीतही सोबत राहते. अशा वेळी ‘पत्ता वाईट आला’ हे म्हणणे कितपत खरे आणि ‘तू चुकीचे खेळलास’ हे म्हणणे कितपत न्याय्य, याचा निवाडा मंडळाला करावा लागतो. हा निवाडा शक्य व्हावा अशी रचना खेळ पुरवतो की नाही, हा त्याच्या मूल्यमापनाचा निकष ठरायला हवा. येथील विवेचन ‘ग्लूमहेवन’च्या २०१७ च्या पहिल्या आवृत्तीतील नियमांवर आधारलेले आहे.

२. प्रमाणाचा विचार आणि क्रमाचा विचार

फ्रेंच विचारवंत रॉजे कायवा यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या खेळविषयक ग्रंथात खेळांचे चार वर्ग कल्पिले. त्यांपैकी स्पर्धा आणि दैव हे दोन वर्ग प्रस्तुत विषयाशी थेट संबंधित आहेत. कायवा यांच्या मते स्पर्धेत खेळाडूचा भरवसा केवळ स्वतःवर असतो, तर दैवाच्या खेळात स्वतःखेरीज इतर सर्व गोष्टींवर असतो. ही दोन टोके एकाच खेळात एकत्र येऊ शकतात, हेही त्यांना मान्य होते. पत्त्यांच्या बहुतेक खेळांत असे मिश्रण आढळते.

भारतीय कायद्यानेही दीर्घकाळ याच दोन टोकांमध्ये रेषा आखण्याचा प्रयत्न केला आहे. महाराष्ट्रात लागू असलेल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने केवळ कौशल्याच्या खेळांना वगळले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ असल्याचे मानले. पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात आणि कोणता पत्ता राखायचा, कोणता टाकायचा हे ठरवावे लागते, हे त्यामागचे कारण होते. ऑनलाइन पैशांच्या खेळांपुरता हा भेद २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बाजूला सारला असला, तरी खेळाच्या विचारासाठी १९६७ च्या निकालातील निरीक्षण मोलाचे आहे. पत्ते पिसलेले असले तरी जे पत्ते पडून गेले त्यांच्या ज्ञानाने उरलेल्यांविषयीचे अज्ञान कमी होते. फाशाला मागच्या दानाची आठवण नसते. पत्त्यांच्या गड्डीला ती असते.

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात हीच गोष्ट कथारूपाने आली आहे. बेहड्याच्या झाडावरील पाने व फळे राजा ऋतुपर्ण नजरेने मोजतो आणि त्याची संख्याविद्या पाहून नल त्याच्याकडून अक्षहृदय शिकतो. ज्या द्यूतात नलाने राज्य गमावले, तेच द्यूत तो पुढे याच विद्येच्या बळावर जिंकतो. खेळ तोच, पण अज्ञाताचे मोजमाप करण्याची शक्ती खेळाडूला आली. ही कथा बृहदश्व ऋषी द्यूतात सर्वस्व हरलेल्या युधिष्ठिराला सांगतात, हा तिचा संदर्भही अर्थपूर्ण आहे.

न्यायालयाला खेळ कोणत्या वर्गात पडतो हे ठरवायचे असल्याने प्रमाणाचा प्रश्न त्याच्यासाठी आवश्यक ठरतो. खेळाच्या समीक्षेला मात्र क्रमाचा प्रश्न अधिक उपयोगी आहे. दैवाचा कौल आधी लागला आणि मग खेळाडूने निर्णय घेतला, तर ते दैव परिस्थिती निर्माण करते; वाटलेले पत्ते हे त्याचे उदाहरण. निर्णय आधी झाला आणि मग कौल लागला, तर ते दैव निर्णयाचा निकाल ठरवते. पहिल्या प्रकारात खेळाडूला उत्तर देण्याची संधी असते. दुसऱ्यात त्याला केवळ संभव जोखता येतो.

३. सहकारी खेळात दैवाची गरज

सहकारी खेळात मानवी प्रतिस्पर्धी नसतो, त्यामुळे अनपेक्षिताचा पुरवठा दैवालाच करावा लागतो. ‘पँडेमिक’मध्ये जगभर पसरणाऱ्या रोगांची शहरे ४८ पत्त्यांच्या गड्डीतून निघतात. महासाथीचा पत्ता निघाला की आतापर्यंत बाधित झालेल्या शहरांचे पत्ते पिसून पुन्हा गड्डीच्या वर ठेवले जातात. यामुळे पुढील संकट कोणत्या शहरांवर येणार हे खेळाडूंना कळते. ते कोणत्या क्रमाने येणार हे कळत नाही. दैवाला असे अर्धवट दृश्य करणे हे लीकॉक यांच्या रचनेचे मोठे यश मानावे लागेल.

तथापि या रचनेत एक उणीव राहते. सर्व माहिती सर्वांसमोर असल्याने चौघांपैकी जो सर्वांत जलद विचार करतो तोच चौघांचे डाव सांगू लागतो. उरलेले तिघे हाताने सोंगट्या हलवतात, इतकेच. सहकार्याचे रूपांतर आज्ञापालनात होते. दैव कमी केले तर खेळ गणितातील कूटप्रश्नासारखा होतो आणि एकाच माणसाचे वर्चस्व वाढते. दैव वाढवले तर कोणाच्याच निर्णयाला अर्थ उरत नाही. सहकारी खेळाची मूळ अडचण या दोन धोक्यांमध्ये आहे.

‘ग्लूमहेवन’ ही अडचण दोन मार्गांनी सोडवू पाहतो. एक ते चार खेळाडू भाडोत्री योद्ध्यांच्या भूमिका घेतात. प्रत्येकाजवळ स्वतःच्या कृतिपत्त्यांचा हात असतो आणि प्रत्येक फेरीत तो त्यांतील दोन पत्ते निवडतो. निवड करताना आपापसांत बोलण्याची मुभा आहे, परंतु पत्त्यावरील नेमके आकडे सांगण्यास मनाई आहे. ‘लवकर पुढे जाईन’ असे म्हणता येते, कितव्या क्रमाने ते सांगता येत नाही. म्हणजे सोबत्याचे मन हेदेखील अनिश्चिततेचे एक स्थान बनते आणि एका खेळाडूला सर्वांचे गणित मांडणे अशक्य होते.

दुसरा मार्ग क्रमाच्या रचनेचा आहे. खेळाडूंनी दोन पत्ते निवडल्यानंतरच शत्रूंचे पत्ते उघडतात. शत्रूच्या प्रत्येक जातीसाठी आठ पत्त्यांची स्वतंत्र गड्डी असते आणि तिच्यातील पत्त्यावरून त्या जातीची हालचाल ठरते. पण निवडलेल्या दोन पत्त्यांपैकी कोणत्याचा वरचा भाग वापरायचा आणि कोणत्याचा खालचा, हे खेळाडू स्वतःची पाळी आल्यावर ठरवतो. निर्णय, त्यावर दैव, त्यावर पुन्हा निर्णय अशी ही साखळी आहे. पहिल्या निर्णयात दूरदृष्टी लागते आणि दुसऱ्यात प्रसंगावधान.

४. वीस पत्त्यांचे गणित

या खेळात फासे नाहीत. आघाताचा परिणाम ठरवण्यासाठी प्रत्येक खेळाडूजवळ वीस पत्त्यांची गड्डी असते. तिला येथे बदलपत्त्यांची गड्डी म्हटले आहे. तिच्यात सहा पत्ते आघात जसाच्या तसा ठेवतात. पाच पत्ते त्यात एक मिळवतात, पाच एक वजा करतात. एक पत्ता दोन मिळवतो, एक दोन वजा करतो. एका पत्त्याने आघात पूर्णपणे हुकतो आणि एकाने तो दुप्पट होतो. ही मांडणी सममित आहे. दोन किंवा अधिक शक्तीच्या कोणत्याही आघातासाठी वीस पत्त्यांची सरासरी पत्त्यावर छापलेल्या आकड्याइतकीच येते. दैव येथे पक्षपात करीत नाही. ते केवळ विस्तार देते.

तीन शक्तीच्या आघाताचे उदाहरण घेता येईल. शत्रूचे जीवगुण तीन उरले असतील, तर तो या आघाताने मरण्याचा संभव वीसपैकी तेरा, म्हणजे ६५ टक्के असतो. दोनच जीवगुण उरले असतील, तर संभव वीसपैकी अठरा, म्हणजे ९० टक्के होतो. यावरून डावपेचाचा एक नियम निघतो. सोबत्याने आधी केलेली एका जीवगुणाची किरकोळ इजा दिसायला क्षुल्लक असली, तरी ती पुढच्याच्या संभवात २५ टक्क्यांची भर घालते. दोन पत्ते काढून त्यांतला चांगला घेण्याचा लाभ खेळाडूला मिळाला, तर पहिल्या स्थितीतील संभव ६५ वरून सुमारे ८९ टक्क्यांवर जातो. असा लाभ मिळवून देणे हे सोबत्यांच्या हाती असू शकते.

गड्डीची स्मृती येथे कामास येते. शून्याचा किंवा दुपटीचा पत्ता निघाला तर फेरीच्या शेवटी गड्डी पुन्हा पिसली जाते. तोपर्यंत पडलेले पत्ते बाहेरच राहतात. समजा, आठ पत्ते पडून गेले आणि त्यांत एक वजा करणारे चार, तटस्थ तीन आणि एक मिळवणारा एक असे पत्ते होते. उरलेल्या बारांमध्ये तीन शक्तीचा आघात तीन किंवा अधिक होण्याचा संभव बारापैकी नऊ, म्हणजे ७५ टक्के झाला. त्याच वेळी आघात पूर्णपणे हुकण्याचा संभव वीसात एकावरून बारात एकावर आला. अनुकूलता आणि धोका दोन्ही वाढले. रमीविषयीच्या निकालात ज्या स्मरणशक्तीला कौशल्याचे लक्षण मानले गेले, तिला येथे असेच स्थान आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ही गड्डी मोहिमेच्या ओघात बदलता येते. पात्राची पातळी वाढली किंवा गुप्त उद्दिष्टे पुरेशी पूर्ण झाली, की खेळाडूला गड्डीत फेरफार करण्याचा अधिकार मिळतो. एक वजा करणारे दोन पत्ते काढून टाकले, तर उरलेल्या अठरांमध्ये पूर्वीच्या उदाहरणातील ६५ टक्के संभव सुमारे ७२ टक्क्यांवर जातो. म्हणजे आजचे दैव हे काही अंशी गेल्या अनेक बैठकांतील निर्णयांचे फळ असते. दैव म्हणजे पूर्वकर्म, या भारतीय परंपरेतील जुन्या धारणेशी या रचनेचे नाते जोडण्याचा मोह होतो. तो मर्यादेत ठेवावा. येथे पूर्वकर्म मोजता येते आणि त्याचा हिशेब सर्वांसमोर असतो.

५. वेळ देऊन दैव फिरवणे

‘ग्लूमहेवन’ची खरी अर्थव्यवस्था कृतिपत्त्यांत आहे. वापरलेले पत्ते टाकलेल्या ढिगात जातात. हातचे पत्ते संपत आले की विश्रांती घेऊन ते परत मिळवायचे, पण प्रत्येक विश्रांतीत एक पत्ता त्या प्रसंगापुरता कायमचा गमवायचा. दोन पत्ते खेळता येत नाहीत आणि विश्रांतीही घेता येत नाही, अशी स्थिती आली की पात्र थकते आणि प्रसंगातून बाहेर पडते. दहा पत्त्यांचा हात असलेल्या पात्राने एकही पत्ता अन्य कारणाने गमावला नाही, तर त्याला पत्ते खेळण्याच्या जास्तीत जास्त २५ फेऱ्या मिळतात. म्हणून पत्ता हे एकाच वेळी शस्त्र आणि आयुष्य असते.

शत्रूंच्याही आघाताला वीस बदलपत्त्यांची सामायिक गड्डी असते. शत्रूचा आघात दुपटीने पडला, तर खेळाडूला तो सोसावाच लागतो असे नाही. हातातील एक पत्ता किंवा टाकलेल्यांतील दोन पत्ते कायमचे गमावून ती संपूर्ण इजा टाळता येते. येथे खेळाच्या रचनेतील एक महत्त्वाची विषमता दिसते. खेळाडूच्या आघातात शेवटचा शब्द दैवाचा असतो. शत्रूच्या आघातात शेवटचा शब्द खेळाडूचा असतो. चढाई करताना त्याने संभव जोखायचा आणि बचाव करताना मोल ठरवायचे.

हे मोल स्थिर नसते. दहा पत्त्यांच्या पात्राने पहिल्या फेरीपूर्वीच एक पत्ता गमावला, तर त्याच्या २५ फेऱ्यांच्या २० होतात. एका वाईट पत्त्याचा परिहार पाच फेऱ्यांना पडतो. तीनच पत्ते उरले असताना तसाच पत्ता गमावला, तर एकच फेरी कमी होते. सुरुवातीला दैव सोसणे स्वस्त आणि टाळणे महाग, शेवटी उलट. अनुभवी खेळाडू आरंभी जखमा अंगावर घेतो आणि पत्ते राखतो, नवखा खेळाडू पहिल्याच मोठ्या आघाताला घाबरून पत्ता टाकतो. त्याचा परिणाम वीस फेऱ्यांनंतर दिसतो, तेव्हा त्याला तो दुर्दैव समजतो.

विश्रांतीच्या नियमातही हाच विनिमय आहे. लहान विश्रांतीत वेळ जात नाही, पण कोणता पत्ता गमवायचा ते दैव ठरवते. एक जीवगुण देऊन एकदा दुसरा पत्ता मागता येतो. मोठ्या विश्रांतीत गमवायचा पत्ता खेळाडू स्वतः निवडतो आणि काही जीवगुणही परत मिळवतो, पण त्यासाठी त्याची पूर्ण फेरी जाते. दैवाच्या हवाली होणे विनामूल्य आहे, निवडीला वेळेचे मोल आहे. दैव आणि डावपेच यांना रचनाकाराने ठराविक प्रमाणात मिसळलेले नाही. त्यांच्यात विनिमयाचा दर ठेवला आहे आणि तो दर केव्हा परवडतो हे ओळखणे, हेच या खेळातील कौशल्य होय.

६. मोहीम आणि अपयशाची किंमत

एका प्रसंगात दैव प्रतिकूल गेले तर मोहिमेचे काय होते, याची दोन भिन्न उत्तरे वर उल्लेखिलेल्या दोन खेळांनी दिली आहेत.

‘पँडेमिक लेगसी’ची मोहीम बारा महिन्यांची आहे. एखादा महिना हरला तर तो एकदा पुन्हा खेळता येतो, दुसऱ्यांदा हरला तरी कथा पुढे सरकते. दरम्यान शहरांवरील भीतीच्या खुणा कायम राहतात, पात्रांना व्रण पडतात, काही पत्ते फाडून टाकावे लागतात. अपयश येथे अपरिवर्तनीय आहे. त्याचा तोल साधण्यासाठी अनुदानाचा नियम ठेवला आहे. आरंभी साहाय्याचे चार पत्ते मिळतात, विजय मिळाला की दोन कमी होतात, पराभव झाला की दोन वाढतात. दैवाने दिलेला फटका पुढील बैठकीत यंत्रणाच अंशतः भरून देते. हे न्याय्य आहे. पण निष्काळजीपणाने हरलेल्या मंडळालाही तीच मदत मिळते. अनुदानाला कारण विचारण्याची सोय नाही.

‘ग्लूमहेवन’मध्ये मूळ पेटीत ९५ प्रसंग आहेत आणि हरलेला प्रसंग पुन्हा खेळता येतो. हरताना मिळालेले नाणे आणि अनुभव खेळाडूजवळ राहतात. यशाचा जादा अनुभव आणि गुप्त उद्दिष्टाची नोंद मात्र मिळत नाही. पात्र थकते, मरत नाही. म्हणून एका प्रसंगातील दुर्दैव मोहिमेवर कायमचा डाग ठेवत नाही. अनेक प्रसंगांच्या ओघात चांगले आणि वाईट पत्ते एकमेकांना छेद देतात व टिकतो तो निर्णयांचा दर्जा. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ‘ग्लूमहेवन’ अधिक न्यायी आहे, नाट्याच्या दृष्टीने ‘पँडेमिक लेगसी’ अधिक प्रभावी आहे. जे परत घेता येत नाही त्याचे भय दुसऱ्या खेळात खरे वाटते. पहिल्यात हरल्याचे दुःख हे मुख्यतः गेलेल्या संध्याकाळचे दुःख असते, आणि तीन तास खर्चून हरलेल्या मंडळासाठी तेही लहान नसते.

७. काही मर्यादा

या रचनेच्या जमेच्या बाजू मान्य करूनही तिच्यातील काही उणिवांकडे दुर्लक्ष करता येत नाही.

पहिली उणीव अंतिम क्षणाची आहे. वीस फेऱ्यांच्या काटेकोर नियोजनानंतर शेवटच्या शत्रूवर शेवटचा आघात करताना शून्याचा पत्ता निघाला, तर सर्व प्रसंग वाया जातो. वीस फेऱ्यांत असा पत्ता बहुधा कधीतरी निघतो, हे गणित खरे आहे; पण दुसऱ्या फेरीतील शून्य आणि अखेरच्या फेरीतील शून्य यांची किंमत सारखी नसते. बचावाच्या वेळी खेळाडूला दिलेली विनिमयाची संधी चढाईच्या वेळी सर्वसाधारण नियम म्हणून ठेवलेली नाही. यावर असे म्हणता येईल, की सर्व काही त्या एका आघातावर येऊन ठेपले हीच आधीच्या नियोजनाची त्रुटी होती. हा युक्तिवाद बराचसा योग्य आहे, परंतु सर्व प्रसंगांना तो लागू पडत नाही.

दुसरी उणीव मोहिमेच्या उत्तरार्धात जाणवते. खेळाडू जसजसे अनुभवी होतात तसतशी त्यांची गड्डी सुधारते, म्हणजे कौशल्य वाढते त्याच वेळी दैवाचा विरोध मावळतो. शत्रूंची गड्डी मात्र मूलतः तीच राहते. प्रसंगाची पातळी पात्रांच्या सरासरीवरून वाढते आणि शत्रू बळकट होतात, पण अनिश्चिततेची जागा बळाने भरून निघत नाही. वैयक्तिक ध्येय पूर्ण झालेले पात्र निवृत्त करून नव्याने आरंभ करण्याचा नियम या दोषावरचा उतारा आहे. तो परिणामकारक असला तरी पूर्ण नाही.

तिसरी उणीव सहकार्याशी संबंधित असल्याने अधिक गंभीर आहे. गड्डी सुधारण्याचा एक मार्ग गुप्त उद्दिष्टांतून जातो आणि ती उद्दिष्टे वैयक्तिक असतात. एखाद्याला स्वतःचे उद्दिष्ट साधण्यासाठी मंडळाच्या हिताविरुद्ध पत्ता खेळावासा वाटतो आणि त्याचे कारण तो सांगू शकत नाही. स्वतःचे भावी दैव सुधारण्याची आजची किंमत सोबत्यांनी मोजायची, असा हा व्यवहार होतो. यातून खेळाला मानवी गुंतागुंत लाभते, हे खरे. पण जबाबदारीच्या निवाड्यासाठी जी पारदर्शकता इतर नियमांनी काळजीपूर्वक निर्माण केली, ती हा नियम काही प्रमाणात हिरावून घेतो.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

अ) सहकारी खेळात दैवाचे कार्य केवळ उत्कंठा वाढवण्याचे नाही. एका खेळाडूचे वर्चस्व रोखणे आणि प्रत्येकाच्या निर्णयाला स्वतंत्र अर्थ देणे हेही त्याचे कार्य आहे.

आ) दैव आणि डावपेच यांचे प्रमाण मोजण्याऐवजी त्यांचा क्रम आणि विनिमयाचा दर तपासला, तर खेळाच्या रचनेचे अधिक अचूक मूल्यमापन करता येते.

इ) ‘ग्लूमहेवन’मध्ये खेळाडू दैवाशी वेळेच्या मोलाने व्यवहार करतो. हे मोल प्रसंगाच्या आरंभी चढे आणि अखेरीस उतरते असते.

ई) मोहिमेत अपयश परत भरून काढता येणे हे न्यायाला पोषक आहे, तर ते अपरिवर्तनीय असणे नाट्याला. दोन्ही एकाच वेळी पूर्णांशाने साधलेले विचारात घेतलेल्या दोन खेळांत दिसत नाही.

या सर्वांच्या मुळाशी निर्णय आणि फळ यांच्यातील भेद आहे. ९० टक्के संभवाचा आघात हुकला तर तो निर्णय चुकीचा ठरत नाही. १० टक्के संभवाचा साधला तर तो शहाणपणाचा ठरत नाही. हा भेद तत्त्वतः सर्वांना मान्य असतो. प्रत्यक्षात हरलेल्या मंडळात शेवटचा पत्ता ज्याच्या हातून उघडला त्याच्याकडेच सर्वांच्या नजरा वळतात, आणि पाच फेऱ्यांचे आयुष्य पहिल्याच फेरीत ज्याने घालवले तो निर्दोष सुटतो. ‘ग्लूमहेवन’ची गड्डी मोजता येते, पत्त्यांचा हिशेब मागे जाऊन मांडता येतो, म्हणून तेथे ही चूक सुधारण्याची सोय आहे. खेळ संपल्यानंतर पट आवरण्यापूर्वी मंडळाने तो हिशेब एकदा मांडला, तर पराभवातला दैवाचा वाटा किती आणि स्वतःचा किती, हे बऱ्याच अंशी सांगता येते. दान कोणाच्या हातून पडले यापेक्षा ते पडण्यापूर्वी कोणाला काय माहीत होते आणि त्याने काय निवडले, हा प्रश्न अधिक न्याय्य आहे.